बोरसे अण्णा आणि सतरा नंबरचा पोर्ट

बोरसे अण्णा माणसांना मारायचे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं. पुढे जे सांगणार आहे त्यावरून ते साधुपुरुष होते असा कुणाचा समज व्हायला नको. हात उचलायला त्यांना फार वेळ लागत नसे, आणि उचललेला हात कुठे बसतोय हेही ते बघत नसत.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सुरतजवळ सचिन नावाच्या गावाच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये मी कॉम्प्युटर विभागात होते. माझे वडील बँकेत, सांगलीकडून बदली होऊन आलेले आणि मग इथेच राहिलेले. मिलमध्ये मला सगळे मीनलबेन म्हणत. एकटे अण्णा ताई म्हणत. ते अमळनेरकडचे. सोळाव्या वर्षी सुरतेला येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागले, मग लूमच्या मोटारी दुरुस्त करायला शिकले, मग वायरिंग, मग टेलिफोनच्या लायनी. मिलमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा केबल टाकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून अण्णांना बोलावलं, आणि बघता बघता ते सगळ्या नेटवर्कचे धनी झाले. शिक्षण सातवी. बुटके, जाड मानेचे, शर्टाच्या खिशात टेस्टर. डाव्या हाताची पहिली दोन बोटं पेरापासून तुटलेली.

आमच्या खोलीत त्यांची खुर्ची भिंतीला टेकून असे. पाठीमागे कोणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. मी नवी होते तेव्हा एकदा चहाचा कप द्यायला मागून गेले, तर ते असे गर्रकन वळले की कप माझ्या हातातून उडून फुटला. ते स्वतःच खाली बसून काचा वेचायला लागले. वेचता वेचता म्हणाले, "ताई, समोरून येत जा."

त्याचं कारण पुढे त्यांनीच सांगितलं. ते केबलच्या टोकाला प्लास्टिकची क्लिप बसवत होते. आठ बारीक वायरी रंगांच्या क्रमानं लावायच्या आणि पकडीनं दाबायच्या, हे काम ते उरलेल्या बोटांनी कुणाहीपेक्षा लवकर करत. मी बोटांबद्दल विचारलं.

"लूमवर तुटलेला धागा जोडत होतो. शेडच्या मास्टरनं मागून टाळक्यात हाणली. हात आत गेला."

"मग?"

"मग काय. उरलेल्या हातानं धोटा उचलला. लोखंडी टोकाचा असतो ना तो. त्याच्या जबड्यात घातला." त्यांनी क्लिप दाबली. "तो पुन्हा कधी नीट जेवला नाही म्हणे. मला सात दिवस कोठडी झाली."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं नाही आणि पश्चात्तापानंही नाही. कोणती वायर कुठून गेली आहे हे सांगावं तसं सांगितलं.

मिलमध्ये नेटवर्कचा पहिला स्विच मुंबईहून आला तेव्हा मात्र मी त्यांचं दुसरं रूप पाहिलं. तोवर आमच्याकडे साधे हब होते. हबमध्ये एका मशीननं काही पाठवलं की ते सगळ्या मशीनकडे जायचं, आणि दुपारनंतर सगळं कुंथत चालायचं. स्विच ज्याचं त्याला देतो. शिवाय या स्विचला कॉम्प्युटरवरून हुकूम देता यायचे. चोवीस पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची चोवीस तोंडं, आणि प्रत्येकाला वेगळा हुकूम. त्याच्याबरोबर दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक आलं होतं.

"ताई, हे वाचा. मराठीत सांगा," अण्णा म्हणाले.

तीन आठवडे मी रोज जेवणानंतर तासभर वाचून सांगितलं. ते हाताची घडी घालून डोळे मिटून ऐकत. मला वाटायचं झोपले. दुसऱ्या दिवशी निळी चपटी केबल स्विचच्या मागे लावून, काळ्या पडद्यावर एकेक अक्षर शोधून टाइप करत ते सगळं करून बघत. पोर्टला नाव कसं द्यायचं, बंद कसा करायचा, दोन विभाग एकाच स्विचवर असून एकमेकांना दिसणार नाहीत असं कसं करायचं. प्रत्येक पोर्टवर त्यांनी त्या त्या मशीनची ओळख बांधून टाकली. दुसरं कुठलंही मशीन तिथे लावलं की पोर्ट आपोआप बंद. रिकामे पोर्ट तर त्यांनी पहिल्याच दिवशी मारून टाकले. "उघडं दार कशाला ठेवायचं," म्हणाले.

मी कधी काही बदललं की त्यांचा एकच प्रश्न असे. "सेव्ह केलं का? नाही केलं तर तुम्ही काही केलंच नाही. लाईट गेली की गेलं."

स्विचचा पासवर्ड त्यांनी ठेवला आणि मला सांगितला. "मी मेलो तर?" एवढंच कारण दिलं. तो आम्हा दोघांखेरीज कुणालाही माहीत नव्हता.

त्याच वर्षी जिग्नेशचं झालं. जिग्नेश आमच्यातलाच ऑपरेटर, सुरतेतल्या उधन्याचा, लग्न ठरलेलं. माल पाठवायच्या विभागात अजून एक जुना हब होता. तिथे एक केबल लोंबत होती. जिग्नेशनं नीटनेटकं दिसावं म्हणून तिचं सुटं टोक त्याच हबमध्ये खुपसलं. दोन्ही टोकं एकाच डब्यात. झालं, सगळं नेटवर्क स्वतःशीच गरगरायला लागलं. फाटकाशी ट्रक उभे, मालाचं एक चलन छापून निघेना. अण्णा दोन तास एकेक केबल उपटून बघत होते. शेठचा पुतण्या, निमेषभाई, सगळ्यांसमोर त्यांना अडाणी म्हणाला. शेवटी अण्णांना ती केबल सापडली. त्यांनी ती काढली, गुंडाळली, जिग्नेशजवळ आले आणि त्याच्या कानाखाली वाजवली.

एकच. पण जिग्नेश खुर्चीसकट खाली गेला. उठला तेव्हा त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार शर्टाच्या कॉलरमध्ये उतरत होती. कानाचा पडदा फाटला होता. तो पुन्हा कामावर आला नाही.

मी अण्णांशी बोलणं टाकलं. महिनाभर कामापुरतं "हो", "नाही". एके दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "ताई, चूक झाली."

"ते जिग्नेशला सांगा."

ते खरंच गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "त्याच्या बापानं दार उघडलं, मला बघितलं आणि बंद केलं. मी तासभर थांबलो." मग आपल्या खुर्चीवर बसत म्हणाले, "बरोबर केलं त्यानं."

मी पुन्हा बोलायला लागले. पण त्यांचा हात वर गेला की, पंख्याचं बटण दाबायला का असेना, माझं अंग आक्रसायचं.

कैलास बेहेरा मेला तो दिवस पावसाळ्यानंतरचा, लख्ख उन्हाचा होता. कैलास ओडिशाचा, रंगखात्यात जेटवर काम करायचा. जेट म्हणजे कापड उकळत्या रंगात फिरवणारं बंद मशीन. त्याची बारा तासांची पाळी सकाळी आठला संपली होती, पण बदली माणूस आला नाही म्हणून त्याला थांबवून घेतलं होतं. सव्वाआठ-साडेआठला, आत दाब असताना जेटचं झाकण उडालं.

मी नुकतीच बसमधून उतरले होते. माल वाहायच्या ढकलगाडीवर कोऱ्या कापडाच्या ढिगावर घालून त्याला नेत होते. त्या दिवशी जेटमध्ये मरून रंग लावला होता. त्याचं तोंड, छाती, हात, सगळं मरून. काय रंग आणि काय भाजलेलं, ते कळत नव्हतं. त्याचा भाऊ, तोही त्याच खात्यातला, गाडी धरून पळत होता आणि कैलासचा हात धरायला जात होता. हाताची कातडी त्याच्या मुठीत राहिली. फाटक ओलांडायच्या आत कैलास संपला.

नऊ वाजेपर्यंत दोनेकशे कामगार फाटकाशी बसले. फाटकाला लागून हजेरीची खोली, तिथे हजेरीचा कॉम्प्युटर. आत-बाहेर जाताना कार्ड लावायचं, वेळ त्या मशीनमध्ये पडायची. ऑफिसातल्या कुणालाही त्या गर्दीतून तिथे जाणं शक्य नव्हतं. फॅक्टरी इन्स्पेक्टर तीन वाजता येणार होते.

अकराच्या सुमाराला निमेषभाई आमच्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"मीनलबेन, बेहेरानी कालनी एन्ट्री काढी नाखो. तो ड्युटीवर नव्हता. भावाला भेटायला मागच्या बाजूनं घुसला होता. समजी गया ने?"

मला समजलं. मी नाही म्हटलं असतं असं आज मला फार वाटतं. पण मी खुर्ची पुढे ओढली आणि हजेरीचं मशीन उघडायला लागले.  कालच्या तारखेचं पान पडद्यावर आलं.

"काय करताय ताई?" अण्णांनी भिंतीकडून विचारलं.

मी सांगितलं. नावासकट सांगितलं.

त्यांनी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली. निळी केबल उचलली, स्विचला लावली, आणि एका बोटानं टाइप करायला लागले. माझ्या पडद्यावरचं पान गोठलं. मग संपर्क तुटल्याची पाटी आली.

"लाइन केम गई?" निमेषभाई म्हणाला.

"गेली नाही. सतरा नंबरचा पोर्ट मी बंद केला. फाटकाची लाइन आहे ती." अण्णांनी आणखी दोन कळा दाबल्या. "सेव्हपण केलं."

निमेषभाईला कॉम्प्युटरचं थोडंफार कळत होतं. त्यानं फाटकाची केबल सतरामधून उपटून, शेजारच्या पोर्टातली काढून तिथे खुपसली. त्या पोर्टानं अनोळखी मशीन बघितलं आणि दिवा विझला. रिकाम्या पोर्टात लावली. मेलेलाच. केबल पुन्हा सतरात घालून स्विचची विजेची वायर काढून परत लावली. दोन मिनिटांनी सगळे दिवे जागे झाले, सतरा सोडून.

"पासवर्ड आप."

"इन्स्पेक्टर आले की त्यांच्यासमोर देतो."

निमेषभाई टेबलाला वळसा घालून, भिंत आणि खुर्ची यांच्यामधून मागे गेला आणि अण्णांची मान पकडली. पुढचं मी पाहिलं आहे, त्यामुळे जसं झालं तसंच सांगते. अण्णा वळले आणि टेबलावरची क्लिप दाबायची पकड उचलून त्यांनी त्याच्या कपाळावर हाणली. भुवई उकलली. रक्त त्याच्या डोळ्यात, कीबोर्डवर, माझ्या ओढणीवर उडालं. निमेषभाई दार उघडून ओरडला. मजूर पुरवणारा ठेकेदार आपली दोन माणसं घेऊन बाहेरच बसला होता, फाटकावरची गर्दी आत आली तर म्हणून. ते आले. कापड गुंडाळायचे लोखंडी पाइप त्यांच्या हातात होते.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. अण्णा खाली पडले तरी एकाच्या पायाला धरून त्यांनी त्याला पाडलं, त्याच्या पोटरीला चावले. मग दुसऱ्यानं पाठीत घातला. पाइप अंगावर बसतो तेव्हा फारसा आवाज होत नाही. सतरंजी झोडपल्यासारखा एक बसका आवाज. बाहेर मशीनं चालू होती, कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

"पासवर्ड बोल," ठेकेदार म्हणत होता. शांतपणे. दर फटक्यानंतर.

मग त्यांनी अण्णांचा उजवा हात माझ्या टेबलावर धरला. माझ्या टेबलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर. पाइप एकदा पडला, दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा हाताचा आकार हातासारखा राहिला नव्हता. अण्णांच्या तोंडातून जनावरासारखा आवाज येत होता आणि अधूनमधून अहिराणीत एकच वाक्य, "मी नही सांगाव, मी नही सांगाव."

पासवर्डचा शब्द मला माहीत होता. सहा अक्षरं. मी उभी होते, भिंतीला चिकटून, ओढणी तोंडात कोंबून. मी तो उच्चारला असता तर पाइप थांबला असता. मी उच्चारला नाही. कैलाससाठी गप्प राहिले, की मलाही माहीत आहे हे कळलं तर माझा हात तिथे ठेवतील या भीतीनं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाईला काय माहीत असणार. आणि अण्णांनी तर त्या सगळ्या वेळात एकदाही माझ्याकडे नजर टाकली नाही.

खालच्या विभागातल्या कुणीतरी निमेषभाईला रक्तबंबाळ जाताना पाहिलं आणि फाटकावर बातमी गेली. कामगार आत शिरले. सगळ्यात पुढे कैलासचा भाऊ, सकाळच्याच शर्टात. काचा फुटल्या. ठेकेदाराच्या माणसांना त्यांच्याच पाइपांनी मारलं. एकाला जिन्यावरून फरपटत नेताना त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, हेही लिहून ठेवते. मग पोलीस आले, लाठ्या चालल्या, त्यात कामगारांचीही डोकी फुटली.

इन्स्पेक्टर चार वाजता पोचले. मी त्यांच्याबरोबर पोलिसांच्या कड्यातून फाटकाच्या खोलीत गेले आणि कालच्या हजेरीचा कागद छापून दिला. कैलास बेहेरा, आत रात्री आठ. बाहेर जाण्याची वेळ कोरी. इन्स्पेक्टरांनी कागदावर सही केली आणि माझीही घेतली. 

सरकारी दवाखान्यात अण्णांच्या हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. तिथे त्यांची बायको मला पहिल्यांदा भेटली. नाव सुमनबाई, काटक, फार न बोलणारी. ती चमच्यानं त्यांना पेज भरवत होती. अण्णांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "सतरा चालू केला का?"

"केला."

"सेव्ह?"

"केलं."

त्यानंतर ते डोळे मिटून पडून राहिले. मला जे बोलायचं होतं ते सुमनबाईसमोर बोलता आलं नाही.

मी मिल सोडली. अण्णांना तर कोणी परत बोलावलं नाहीच. सुरतेतल्या लिंबायतला ते एका ओळखीच्या माणसाच्या दुकानात बसून असत असं ऐकलं. मारहाणीची केस उभी राहायला दोन वर्षं गेली. साक्षीसाठी मला बोलावणं आलं, तसं त्यांनाही.

सरकारी वकिलांनी आदल्या दिवशी अण्णांना समजावलं होतं. पहिला वार कोणी केला असं विचारतील. आठवत नाही म्हणा. आरोपींच्या वकिलांनी तेच विचारलं.

"मी केला," अण्णा म्हणाले.

"तुम्ही निमेषभाईंच्या डोक्यात लोखंडी हत्यार मारलंत?"

"हत्यार नाही. पकड. पण मारली."

सरकारी वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. ठेकेदार आणि त्याची माणसं पुढे थोडक्या शिक्षेवर सुटली, त्याला ही साक्ष कारणीभूत झाली. कैलासच्या भावाला भरपाई मात्र मिळाली. हजेरीचा तो कागद कुणाला बदलता आला नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी अण्णांना गाठलं. "असं का सांगितलं?"

"मारलं होतं ना ताई."

सुमनबाई पाणी आणायला गेली होती. एवढाच वेळ होता. मी म्हटलं, "अण्णा, मी पासवर्ड सांगितला असता तर तुमचा हात वाचला असता."

"माहीत आहे."

त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला होता, झोपलेलं मूल घ्यावं तसा. 

"तुम्हाला वाटलं असेल मी तुम्हाला वाचवायला तुमच्याकडे बघत नव्हतो," ते म्हणाले. "तसं नव्हतं. बघितलं असतं तर माझ्या तोंडून निघून गेलं असतं. ‘ताई, सांगून टाका’, एवढंच आलं होतं जिभेवर. म्हणून बघितलं नाही."

 सुमनबाई पाण्याची बाटली घेऊन आली. आम्ही तिघं रस्त्यापर्यंत आलो. माझी बस पलीकडून होती. मी निरोप घेऊन रस्ता ओलांडला आणि वळून पाहिलं.

दुपारचं ऊन होतं, वाहनांची रीघ लागलेली. एक रिकामी रिक्षा येताना दिसली तशी सुमनबाईनं तिला थांबवायला पटकन हात वर केला. शेजारी उभे असलेले अण्णा एकदम खाली वाकले. डावा हात डोक्यावर आडवा, मान खांद्यात, गुडघे दुमडलेले. फूटपाथवरची माणसं बघायला लागली. रिक्षा थांबली आणि कुणी चढत नाही बघून पुढे गेली.

सुमनबाईनं हात खाली घेतला. वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. तिचे ओठ मला पलीकडून कळले. "मी शे," म्हणत होती. मी आहे. ते हळूहळू सरळ झाले, शर्ट नीट केला आणि कुणी पाहिलं नाही अशा चेहऱ्यानं समोर बघत राहिले.

पुढची रिक्षा यायला वेळ लागला. तेवढ्यात सुमनबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले होते. रिक्षा जवळ आली तेव्हा तिनं ती हाक मारून थांबवली.